सहाचा वाढदिवस आठला

माझा जन्म सहा डिसेंबरचा. आमच्या लोकांत एवढं सांगितलं की ऐकणारा जरा थांबतो, "अच्छा" म्हणतो आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागतो. ज्यांना ही तारीख माहीत आहे त्यांना नाव सांगावं लागत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बैठकीत ज्यांचा फोटो आहे, ज्यांचा जन्म इंदूरजवळच्या महूत झाला आणि ज्यांच्यामुळे आमच्या घराण्यातलं पहिलं माणूस शाळेच्या वर्गात आत बसलं, ते एकोणीसशे छप्पन साली या दिवशी गेले. महापरिनिर्वाण दिन. आमच्याकडे त्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालतात. आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, संध्याकाळपर्यंत काही खात नाहीत. मग सगळे इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या विहारात मेणबत्त्या लावायला जातात.

अशा दिवशी फुगे कोण फुगवणार? म्हणून माझा वाढदिवस आठ तारखेला असतो. सातला का नाही, हे मी लहानपणी कधी विचारलं नाही. घरात भिंत कुठे आहे ते माहीत असतं, ती तिथेच का बांधली असं कुणी विचारत नाही.

शाळेत मात्र मी सहाचीच होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे सकाळच्या प्रार्थनेनंतर ज्याचा वाढदिवस असेल त्याला स्टेजवर बोलवायचे. बाकीच्या मुली त्या दिवशी झगमगीत फ्रॉक घालून यायच्या. मी युनिफॉर्ममध्ये उभी राहायचे, कारण त्या सकाळी मला रंगीत काही घालायला देण्याची मम्मीची हिंमत व्हायची नाही, आणि मागण्याची माझी. शेकडो मुलं माझ्यासाठी गाणं म्हणायची आणि मी बुटांकडे बघत राहायचे. टीचर विचारायच्या, चॉकलेट कुठे? मी म्हणायचे, परवा. त्या हसायच्या. त्यांना वाटायचं, ही विसरली.

काही वर्षी त्या दिवशी शाळा लवकर सुटायची. त्या तारखेची देशात आणखीही एक आठवण आहे, अयोध्येची, त्यामुळे चौकाचौकात पोलीस उभे असायचे आणि रिक्षावाले काका आम्हाला गल्लीबोळांतून घरी आणायचे. घरी आले की युनिफॉर्म काढून पांढरा सलवार-कुर्ता घालायचा. मग संध्याकाळपर्यंत करण्यासारखं काही नसायचं. टीव्ही बंद, स्वयंपाकघर थंड, आणि डिसेंबरचं ते ऊन, ज्याच्याने कुठलीच वस्तू धड तापत नाही. मी गच्चीत चटईवर पडून राहायचे. तेव्हा मला तारीख ही एक मोठी खोली वाटायची. सहा डिसेंबरची खोली. तिच्यात बरीच माणसं आधीच बसलेली आहेत, सगळी गप्प, आणि मी दार ढकलून आत आलेय. कुणी रागावत नाही. फक्त सगळे वळून बघतात.

त्या माणसांत आबाही असायचे.

आबांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही. आठ तारखेला ते सकाळी उठून स्वतः मिठाई आणायचे, माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. पण सहाला ते माझ्याकडे बघायचेच नाहीत. समोरून गेले तरी नजर बाजूला. मी आठवी-नववीत असताना एकदा मावशी घरी आली होती आणि मम्मी तिला हसत हसत सांगत होती, की ही झाली तेव्हा आबांनी केवढा तमाशा केला होता, म्हणे तारीख बदलून लिहा, सहाची नको. दोघी हसल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होते. मी हसले नाही आणि काही विचारलंही नाही. न विचारणं मला फार चांगलं जमतं. पण त्या दिवसापासून ते वाक्य माझ्यात राहायला आलं. सहाची नको.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले. आम्ही तोपर्यंत परदेशीपुऱ्यातलं घर सोडून विजय नगरच्या फ्लॅटमध्ये आलो होतो आणि माझं ऑफिसही तिथून जवळच होतं. काम कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आमची कंपनी एका मोबाईल ॲपसाठी रोजची कार्डं बनवते, 'इतिहासात आज' अशी. या तारखेला जगात काय काय घडलं, ते चार-पाच ओळींत. मी इंग्रजीतून लिहायचे आणि हिंदीतलं तपासायचे. म्हणजे मला दिवसभर तारखांच्या खोल्यांतून फिरण्याचे पैसे मिळायचे. एका खोलीत राजाचं डोकं उडवलेलं असायचं आणि त्याच खोलीत कोपऱ्यात कुणीतरी झिप लावण्याची युक्ती शोधून काढत असायचं. दोघांना एकमेकांचा पत्ता नसायचा.

मग आबांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही आठवडे पेपर आणि मोबाईल बंद केला. रेल्वेत नोकरी केलेला माणूस, सकाळचा पेपर नाही म्हणजे त्यांचा दिवसच स्टेशनातून सुटायचा नाही. मम्मीने मला सांगितलं, तूच काहीतरी वाचून दाखव. मला काय वाचावं कळेना, म्हणून मी त्या दिवसाचं कार्ड वाचलं. मराठीत सांगायला लागले आणि पहिल्याच सालावर अडकले.

"उन्नीस सौ बारा," मी म्हटलं.

"एकोणीसशे बारा," आबा म्हणाले. "हे घर आहे, ऑफिस नाही."

ते एप्रिलचे दिवस होते आणि कार्डावर टायटॅनिक होती. चौदा एप्रिलच्या रात्री ती हिमनगाला धडकली. आबांनी डोळ्यांवरचा हिरवा चष्मा सरळ केला आणि विचारलं, जयंतीच्या दिवशी? मी म्हटलं, हो, जयंतीच्याच दिवशी. मग मी सांगितलं की ती बुडत असतानाही तिच्यावर बँड वाजत होता असं म्हणतात.

"बँड तर आपल्याकडे पण वाजतो," ते म्हणाले. "पण आपण बुडत नाही."

मी इतकी हसले की मम्मी आतून बघायला आली.

डोळे बरे झाले तरी वाचन चालू राहिलं. संध्याकाळी मी ऑफिसमधून आले की बाल्कनीत दोन खुर्च्या, चहा, वाटीत शेव, आणि आजचा दिवस. खालून विजय नगरच्या चौकाचे हॉर्न यायचे आणि वर आम्ही कुठल्या तरी शतकात असायचो. मला लोकांशी बोलायला जमत नाही, आबांनाही नाही. पण असं मधे काहीतरी ठेवलं की दोघांनाही जमायचं. जुलैत चंद्रावर माणूस उतरल्याचं वाचलं तेव्हा ते म्हणाले, मी तेव्हा नवीनच नोकरीला लागलो होतो, स्टेशनात रेडिओवर ऐकलं आणि सगळे बाहेर येऊन वर बघायला लागले. मी विचारलं, दिसला का चंद्र? ते म्हणाले, कुठचा, पावसाळा होता, नुसते ढग. पण आम्ही उभे राहिलो. ते सांगत असताना मला तो प्लॅटफॉर्म दिसायचा, ओला, पिवळ्या दिव्यांचा, आणि सगळे मान वर करून उभे, आणि वर काहीच नाही.

नोव्हेंबर संपत आला तसं मला कळलं की सहा डिसेंबरचं कार्ड माझ्याकडेच आलंय. लिहिताना मी पहिली ओळ महापरिनिर्वाणाची लिहिली, त्यात काही विचार करावा लागला नाही. बाकीचं शोधताना मात्र मी कितीतरी वेळ त्या खोलीत बसून राहिले. या दिवशी, अमेरिकेत, एका यंत्रात पहिल्यांदा माणसाचा आवाज पकडला गेला असं मानतात. तो म्हणत होता एक बालगीत. या दिवशी कॅनडातल्या एका बंदरात दारूगोळा भरलेलं जहाज पेटलं. शहरातली माणसं ते बघायला आपापल्या खिडकीशी आली, आणि स्फोट झाला तेव्हा त्या काचांनीच कितीजणांचे डोळे गेले. आणि त्याच दिवशी, त्याच वर्षी, फिनलंड स्वतंत्र झाला. तिथले लोक अजून या संध्याकाळी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. मी स्क्रीनवरचा तो फोटो बघत राहिले. बाहेर निळा बर्फ, आत दोन ज्योती. आमच्या विहाराच्या पायऱ्यांवर जेव्हा मेणबत्त्या लागतात, तेव्हा तिथे दुपार असणार. मग आमच्या विझतील आणि त्यांच्या लागतील.

हे सगळं मला आबांना वाचून दाखवायचं होतं, आणि तेच अवघड होतं. आम्ही एप्रिलपासून रोज बोलत होतो. पण सहा तारखेला ते माझ्याकडे बघत नाहीत. या वर्षी पण नाही बघितलं तर? मग एवढ्या संध्याकाळींचं काय? आणि बघितलं, तर मला ते विचारावं लागणार होतं. मी यायला नको होते का, त्या दिवशी? हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, हो किंवा नाही. दोन्हीची भीती सारखीच होती.

सहा तारीख आली. मी दरवर्षीप्रमाणे ऑफिसला घरी प्रोग्राम आहे सांगून सुट्टी घेतली. सकाळभर आबा आपल्या खोलीत होते. मी चहा नको का विचारायला गेले तर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "नको बेटा." खिडकीकडे तोंड करून.

संध्याकाळी आम्ही परदेशीपुऱ्याला गेलो. गल्लीत गाडी आत जात नाही, म्हणून पप्पांनी ती लांब लावली. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, लोकांनी फोटोसमोर फुलं वाहिली आणि हळूहळू घरी जायला लागले. मम्मी ओळखीच्या बायकांशी बोलत राहिली आणि पप्पा गाडी काढायला गेले. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर आबा आणि शेजारी पायरीवर मी. थंडी होती. पायऱ्यांवर मेण वितळून पांढरी डबकी झाली होती.

"आजचं नाही वाचलं," आबा समोर बघत म्हणाले.

मी मोबाईल काढला आणि वाचलं. पहिली ओळ वाचताना त्यांनी हात जोडले. मग आवाजाचं यंत्र, मग बंदर. बंदराच्या वेळी त्यांनी आपल्या डोळ्यांना हात लावला. फिनलंडच्या मेणबत्त्यांवर ते म्हणाले, खिडकीत? परदे नाही जळत का त्यांचे? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, विचार कुणाला तरी. कार्ड संपलं होतं. आता मधे ठेवायला काही नव्हतं.

मी मोबाईलकडेच बघत म्हटलं, "आबा, मी आज जन्मले म्हणून तुम्हाला वाईट वाटलं होतं का?"

"कोण म्हणालं?"

"तुम्ही तारीख बदलायला सांगितली होती. मम्मी सांगत होती."

त्यांनी काठीने पायरीवरचं मेण खरवडलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही, आणि मनात आलं की बरं झालं. मग ते बोलायला लागले आणि इतकं सलग बोलले की मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचे वडील महूच्या छावणीत पलटणीत होते. आबांचा जन्म कधी झाला हे कुणालाच माहीत नव्हतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जुलै लिहिलं. त्यांच्या भावाची पण एक जुलै, शेजारच्या पोरांची पण एक जुलै, अर्ध्या वर्गाची एकच तारीख. ते म्हणाले, मला तर वाटायचं तारीख ही मास्तर देतात, टोपीसारखी. मग ते सहा डिसेंबरवर आले. ते तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. रेडिओवर बातमी आली आणि बराकीतली माणसं, जी कधी रडताना दिसली नव्हती, ती भिंतीला टेकून खाली बसली. त्यांच्या आईने चूल विझवली. सहाला पेटली नाही. सातला मुंबईत अंत्यसंस्कार होता, सातलाही पेटली नाही. लहान पोरांना कुणीतरी शेजारून चणे दिले. आठला पहाटे वडिलांनी बूट चढवले आणि ड्यूटीवर गेले, आणि आईने चूल पेटवली.

"भाकरीचा वास आला," आबा म्हणाले. "मला इतकी भूक लागली होती. आणि इतकं बरं वाटलं, बेटा. सगळे रडत होते आणि मला बरं वाटत होतं. लाज पण वाटली. कुणाला सांगितलं नाही आजपर्यंत."

मी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

ते पुढे म्हणाले की मी झाले तेव्हा दवाखान्यात ते पांढऱ्या कपड्यांतच आले होते, इथूनच, विहारातून. मला हातात घेतलं आणि पप्पांना म्हणाले, हिची आठ लिहून घे. ज्या तारखेला आख्खा समाज रडतो ती या पोरीच्या गळ्यात का घालतोस? तिला चूल पेटली तो दिवस दे. पप्पा म्हणाले, आबा, आता असं चालत नाही, दवाखान्याचा कागद असतो, आणि खोटं का लिहायचं? दोघांचं वाजलं. नंतर बरेच दिवस बापलेक बोलत नव्हते. शेवटी तोडगा निघाला की कागदावर सहा राहील आणि घरात आठ.

"मग सहाला तुम्ही माझ्याकडे बघत का नाही?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

"बघितलं तर हसू येतं," ते म्हणाले. "आजच्या दिवशी कसं हसायचं?"

इथे एक गोष्ट बाहेरच्या मराठी लोकांसाठी सांगायला हवी. आमच्या इंदूरच्या मराठीत आम्ही दिवस साजरा करत नाही, मनवतो. हिंदीतून आलंय ते. पुण्याची मामेबहीण याच्यावर फार हसते, म्हणते, मनवतात ते रुसलेल्या माणसाला, दिवसाला काय मनवायचं? तो काय फुगून बसलाय? मी तिच्यासमोर हा शब्द वापरणं सोडून दिलं होतं. पण आबा त्या संध्याकाळी जे म्हणाले ते फक्त आमच्याच मराठीत म्हणता येतं.

"तू रुसलेली असायची, ते मला दिसायचं," ते म्हणाले. "दर साल सहाला. मला वाटायचं, आठला मनवू. दिवस मनवता आला. तुला मनवायचं राहिलं."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरळ, मोतीबिंदू काढलेल्या स्वच्छ डोळ्यांनी. त्यांना खरंच हसू आलं, आणि ते लपवायला त्यांनी मफलर वर ओढला. मी पायरीवरून उठले आणि उगीचच त्यांची शाल नीट केली, कारण हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. तेवढ्यात पप्पा गल्लीच्या तोंडाशी येऊन हाक मारायला लागले, गाडी मधेच उभी आहे, मागे गाडीवाले भिया लोक हॉर्न देताहेत, चला लवकर. आम्ही निघालो. आबा माझ्या खांद्याला धरून चालत होते आणि मला वाटत होतं की मी त्या मोठ्या खोलीतून चाललेय, आणि बसलेली माणसं पाय जवळ घेऊन मला जायला जागा देताहेत.

गाडीत मम्मीला काहीतरी शंका आली असावी. तिने विचारलं, काय झालं? आबा म्हणाले, या वर्षी हिचा आजच मनवायचा का, विचार हिला, हिचा दिवस आहे. मम्मी मागे वळून बघायला लागली. पप्पांनी आरशातून बघितलं. सगळ्यांनी मला विचारलंय आणि माझ्या उत्तराची वाट बघताहेत, असं माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालंय.

मी म्हटलं, "नको. आठलाच."

आबांनी खिडकीची काच थोडी खाली केली आणि वर केली.

आठला सकाळी मी मम्मीच्या आधी उठले. तिला म्हटलं, आज भाकरी मी करते. ती म्हणाली, तुला येते? मी म्हटलं, नाही. मोबाईलवर बघून ज्वारीचं पीठ मळलं. पहिली थापतानाच फाटली. दुसरी तव्यावर गेली तोपर्यंत कडेने चिरली आणि एका बाजूने करपली. तरी वास आला. आबा काठी टेकत येऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबले. आत आले नाहीत. नाक वर करून उभे राहिले.

मी ती भाकरी ताटात ठेवली, वर तूप घातलं. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावत राहिले, बराच वेळ, कारण ती चिवट झाली होती. खाली रस्त्यावर सिटी बस थांबली. पाठीला लॅपटॉपच्या बॅगा लावलेली मुलं-मुली तिच्यात चढली, स्कूटर सुरू झाल्या, समोरच्या बिल्डिंगमधले काका डबा घेऊन निघाले. सगळे कामाला चालले होते. माझीही वेळ झाली होती, पण आबांनी हाताने मला शेजारी बसायची खूण केली आणि ताट मधे सरकवलं.